छोट्या गाडीचे काळीज

मोटार विकत घेणारा मनुष्य आधी रंग पाहतो, मग बैठक दाबून पाहतो, मग शेजाऱ्याच्या गाडीपेक्षा आपली किती वीत लांब आहे ते मनातल्या मनात मोजतो. इंजिनाकडे त्याचे लक्ष जाते ते गाडी घाटात पहिल्यांदा थांबते तेव्हा. मोठ्या मोटारींच्या बाबतीत हे खपून जाते. परंतु मोटारींच्या कुळात चिमुकल्या मोटारींची एक वेगळीच शाखा आहे. तीन किंवा चार चाके, आत दोघे-चौघे दाटीवाटीने बसतील एवढी जागा, आणि इंजिन स्कूटरच्या किंवा मोटारसायकलच्या मापाचे. या शाखेची जन्मकथा उलटी असते. इथे आधी कुठेतरी एखादे इंजिन हाती लागते, आणि मग त्याच्याभोवती मोटार बांधली जाते. म्हणून या गाड्यांचा इतिहास लिहायचा तर तो इंजिनांचाच लिहावा लागतो.

तोरणमाळसारख्या सातपुड्यातल्या पठारावर मुलांना शिकवणारा आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा, दहावीपलीकडे न गेलेला मास्तर या भानगडीत पडला कसा, हे सांगितले पाहिजे. माझ्या बहिणीचे सासरे, ज्यांना आम्ही सारे नाना म्हणतो, यांनी १९७८ साली एक ‘बादल’ घेतली होती. बादल हे नाव आजच्या मुलांना ठाऊक नसेल. बंगलोरच्या सनराइज ऑटोमोटिव्ह इंडस्ट्रीज या कारखान्याने सत्तरीच्या दशकात काढलेली ही तीन चाकांची मोटार होती. पुढे एक चाक, मागे दोन, अंग काचतंतूंचे, आणि पाठीमागे १९८ सीसीचे, एका सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन. सीसी म्हणजे काय ते घरातल्या बायाबापड्यांनी असे समजावे: पिस्टन एकदा खालीवर होताना जेवढी जागा व्यापतो, तेवढे त्याचे माप. दोनशे सीसी म्हणजे पाण्याचा एक पेला. तेवढ्या पेल्याच्या बळावर नानांनी शहाद्याच्या बाजारात बरीच वर्षे मिरवून घेतले. मग ती गाडी गोठ्यात गेली, तिच्यावर कडब्याच्या पेंढ्या चढल्या आणि तिचा विसर पडला.

गेल्या वर्षी नाना आजारातून उठले आणि म्हणाले, “मला एकदा तोरणमाळला जायचे आहे. पण बादलमधून.” दाजींचे, म्हणजे माझ्या बहिणीच्या यजमानांचे, शहाद्यात गॅरेज आहे. त्यांनी कडबा उपसला, गाडी बाहेर ओढली, आणि पाहतात तो इंजिन पाण्याने आणि उंदरांनी धरलेले. किक खाली जाईना. आता एकच प्रश्न उरला: हेच इंजिन पुन्हा उभे करायचे, की दुसरे बसवायचे? दाजींना हातांनी उत्तर शोधायची सवय, मला पुस्तकांनी. त्यांनी पाने काढली, मी पाने उलटली.

इंजिन कोणते निवडावे यावरून झालेला सर्वांत गमतीचा वाद इंग्लंडातला आहे. १९२१-२२ च्या सुमारास सर हर्बर्ट ऑस्टिन यांना सामान्य माणसाला परवडेल अशी गाडी काढायची होती. कारखान्याचे संचालक तयार नव्हते, म्हणून त्यांनी आपल्या राहत्या घरी, बिलियर्डच्या खोलीत, काम सुरू केले आणि मदतीला घेतला स्टॅन्ली एज नावाचा अठरा वर्षांचा एक नकाशे काढणारा पोरगा. ऑस्टिनसाहेबांच्या मनात दोन सिलिंडरांचे स्वस्त इंजिन होते. त्या पोराने आपल्या धन्याला पटवले की दोन नकोत, चारच हवेत. लहान असले तरी चालतील. चार सिलिंडरांचे इंजिन मऊ चालते, हादरे देत नाही, आणि हादरे देणाऱ्या गाडीत कुटुंब बसत नाही. आरंभी ६९६ आणि लवकरच ७४७ सीसीचे ते इंजिन घेऊन १९२२ साली ‘ऑस्टिन सेव्हन’ बाहेर पडली. आपल्याकडे जुनी मंडळी जिला ‘बेबी ऑस्टिन’ म्हणत ती हीच. माझ्या मते मोटारींच्या इतिहासात मालकाने नोकराचे ऐकल्याचा याहून फलदायी प्रसंग थोडा. जर्मनीत हीच गाडी ‘डिक्सी’ या नावाने बनू लागली, आणि १९२८ साली तो कारखाना विकत घेऊन विमानांची इंजिने व मोटारसायकली करणारी बीएमडब्ल्यू ही कंपनी मोटारींच्या धंद्यात शिरली. आज जिच्या गाडीकडे लोक मान वळवून पाहतात, तिने पहिले पाऊल टाकले ते एका बेबी गाडीच्या बोटाला धरून.

दुसऱ्या महायुद्धानंतर या शाखेला खरा बहर आला. जर्मनी बेचिराख झाला होता, इटलीत पैसा नव्हता, पेट्रोल महाग होते. मोटारसायकलीवर पावसात भिजून कंटाळलेल्या माणसाला डोक्यावर छप्पर हवे होते, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा. मिलानजवळच्या ‘इझो’ या कारखान्याने, जो आधी शीतकपाटे करीत असे, १९५३ साली अंड्याच्या आकाराची ‘इझेटा’ काढली. तिचे दार पुढच्या बाजूला. गाडीचे नाकच उघडायचे आणि आत शिरायचे. शीतकपाटे करणाऱ्यांना दुसरे काय सुचणार! तिच्यात २३६ सीसीचे टू-स्ट्रोक होते, त्यात दोन पिस्टन आणि वर ज्वलनाची जागा एकच. बीएमडब्ल्यूने या गाडीचा परवाना घेतला आणि १९५५ साली ती काढायला सुरुवात केली. परंतु नुसता परवाना घेऊन ते थांबले नाहीत. इटालियन इंजिन काढून टाकून त्यांनी आपल्या मोटारसायकलीचे २४७ सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन तिच्यात घातले. अंग इटलीचे, काळीज बव्हेरियाचे. अशा दीड लाखांहून अधिक गाड्या त्यांनी १९६२ पर्यंत विकल्या.

याच सुमारास मेसरश्मिट या विमाने करणाऱ्या कंपनीच्या कारखान्यात एकामागे एक दोघांनी बसायची तीनचाकी बनत होती. विमानासारखेच वर काचेचे झाकण. १९५५ सालच्या नमुन्यात साक्स कंपनीचे १९१ सीसीचे टू-स्ट्रोक होते. तिच्या गिअरपेटीत मागे जाण्याचा गिअरच नव्हता. मग गाडी मागे कशी घ्यायची? इंजिन बंद करायचे आणि उलट्या दिशेने फिरवून सुरू करायचे! टू-स्ट्रोक इंजिनाला झडपांचा व्याप नसल्यामुळे ते उलटेही तितक्याच आनंदाने फिरते. त्यामुळे त्या गाडीला पुढे चार आणि मागेही चार गिअर. ही हकीकत मी वर्गात सांगितली तेव्हा एका पावरा मुलाने विचारले, “गुरुजी, मग तिला मागचे-पुढचे कळत होते का?” मोठ्या इतिहासकाराला सुचणार नाही असा प्रश्न आहे हा.

इंग्लंडजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावर तर १९६२ साली ‘पील’ नावाची एकाच माणसाची गाडी निघाली. इंजिन ४९ सीसीचे. तिला उलटा गिअर नव्हता, तशी उलट फिरण्याची सोयही नव्हती. मागे एक मूठ होती, ती धरून गाडी उचलून वळवायची. आपल्याकडे बैलगाडीचे जू असे वळवतात.

या साऱ्या कथांत एक सूत्र आहे ते वाचकांच्या ध्यानात आले असेल. कोणी मोटारसायकलीचे इंजिन घेतले, कोणी स्कूटरच्या मापाचे, कोणी दुसऱ्या कंपनीकडून विकत आणले. उसन्या काळजावर या गाड्या जगल्या. दाजींना मी हे सांगितले तेव्हा ते लगेच म्हणाले, “मग झाले की मास्तर! रिक्षाचे इंजिन टाकू. परंपराच आहे म्हणता ना!”

त्यांना उत्तर देण्यासाठी मला इचलकरंजीला जावे लागले. म्हणजे पुस्तकातून.

यंत्रमागांच्या त्या गावी शंकरराव कुलकर्णी नावाचे एक गृहस्थ होते. अभियांत्रिकीची पदवी नाही, पाठीशी कारखाना नाही, आणि डोक्यात मात्र १९४५ च्या सुमारापासून एकच ध्यास: मराठी मध्यमवर्गाला परवडेल अशी लहान मोटार आपल्या हातांनी करायची. १९४९ साली त्यांची पहिली, दोघांनी बसायची गाडी तयार झाली. तिचे नाव ‘मीरा’. देशाला स्वातंत्र्य मिळून दोन वर्षे होत होती. टाचणीपासून यंत्रापर्यंत सारे परदेशातून येत होते, आणि कृष्णेच्या खोऱ्यात एक माणूस मोटार जुळवीत होता. एवढ्यावर थांबले असते तरी नाव राहिले असते. पण त्यांनी ती गाडी पुढची पंचवीसएक वर्षे मोडली आणि बांधली, मोडली आणि बांधली. एखादा गवई एकच राग आयुष्यभर आळवतो, त्यातला प्रकार.

मीराचे इंजिन पाठीमागे होते. याचे मर्म समजून घेण्यासारखे आहे. इंजिन पुढे आणि ओढणारी चाके मागे असली म्हणजे गाडीच्या पोटाखालून लांब दांडा न्यावा लागतो. त्याचे वजन, त्याची किंमत, आणि त्यासाठी आतल्या तळाला आलेला उंचवटा. मोठ्या गाडीत हे सारे पचते, लहान गाडीत पाय ठेवायला जागा उरत नाही. इंजिन मागे नेले की दांडा गेला, उंचवटा गेला, शिवाय इंजिनाचा भार ओढणाऱ्या चाकांवरच पडल्यामुळे चढावर चाके सरकत नाहीत. इटलीत दान्ते जाकोसा यांनी १९५७ साली छोट्या फियाटला ४७९ सीसीचे, हवेने थंड होणारे, दोन सिलिंडरांचे इंजिन मागेच बसवले. पुढे २००८ च्या १० जानेवारीला टाटांची ‘नॅनो’ लोकांपुढे आली, तीही मागच्या अंगाला दोन सिलिंडर घेऊनच. मीराच्या चाकांना लोखंडी पाट्यांऐवजी रबराचा आधार होता. १९५९ सालच्या प्रसिद्ध इंग्रजी ‘मिनी’नेही रबराच्याच बळावर धक्के सोसले. तात्पर्य असे की इचलकरंजीचा हा माणूस वेड्यासारखा भलतीकडे चालला नव्हता. जगातले चांगले कारागीर ज्या वाटेने जात होते, त्याच वाटेवर तोही होता; फरक एवढाच की त्यांच्यामागे कारखाने होते आणि याच्यामागे कोणी नव्हते.

सत्तरीच्या दशकात मीराचे शेवटचे रूप तयार झाले. किंमत सुमारे बारा हजार रुपये पडेल असा हिशेब होता. पण १९५१ च्या उद्योग कायद्यापासून मोटारीचा कारखाना काढायला दिल्लीचा परवाना लागे, आणि परवाना ही वस्तू कानशीने घासून तयार करता येत नाही. मीरा कधीच कारखान्यातून बाहेर पडली नाही. १९७१ साली दिल्लीत देशी छोट्या मोटारीसाठी ‘मारुती लिमिटेड’ स्थापन झाली, तिच्याकडे परवाना होता, जमीन होती, वशिला तर होताच होता. विकण्याजोगी मोटार तिच्याकडूनही झाली नाही. १९८१ मध्ये सरकारने ‘मारुती उद्योग’ काढली आणि १९८३ च्या १४ डिसेंबरला पहिली मारुती ग्राहकाच्या हाती दिली, ती ७९६ सीसीच्या जपानी इंजिनासह. पुन्हा उसनेच काळीज! ते चांगले निघाले, घरोघर गेले, याबद्दल माझी तक्रार नाही. पण शंकररावांची पंचवीस वर्षे एका पारड्यात टाकून पाहिली की दुसरे पारडे मला अजूनही वर उचललेले दिसते.

एवढे ऐकून दाजी काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “ते खरे मास्तर. पण शंकरराव इचलकरंजीत होते. मला सातपायरीचा घाट चढायचा आहे.”

हा मुद्दा बिनतोड होता. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचावर आहे. तापीकाठच्या सपाटीवरून निघालेली गाडी राणीपूर मागे टाकते आणि डोंगराला लागते. मग एकावर एक अशी वळणे सुरू होतात. एकूण चढण हजार मीटरची. मी पाटी घेतली आणि दाजींपुढे गणित मांडले. गाडी आणि आतली माणसे मिळून सहाशे किलो धरा. तेवढे ओझे हजार मीटर उचलायला जी शक्ती लागते ती एका लिटर पेट्रोलमधल्या शक्तीच्या पाचव्या भागाहूनही कमी आहे! दहा फूट चालावे तेव्हा एक फूट चढ, असा घाट ताशी वीस किलोमीटरने चढायचा तर चढण्यापुरती साडेचार अश्वशक्ती पुरते. वर हवा विरळ होते, त्यामुळे तोरणमाळच्या उंचीवर अशा इंजिनाची सुमारे एक अष्टमांश ताकद आपोआप कमी होते, तेही धरा. तरी दहा अश्वशक्तीच्या आसपासचे इंजिन तिथे पोचायला हरकत नाही.

मग गाड्या घाटात का थांबतात? कारण पेट्रोलमधली जी शक्ती चाकांपर्यंत पोचत नाही, ती नाहीशी होत नाही. तिची उष्णता होते. जुन्या टू-स्ट्रोकच्या बाबतीत पाचातले चार हिस्से असे उष्णतेत जातात. सपाटीवर वारा ती घेऊन जातो. घाटात गाडी सावकाश चालते, वारा लागत नाही, आणि पिस्टन फुगून सिलिंडरच्या भिंतींना चिकटतो. मिस्त्रीलोक याला ‘इंजिन जाम झाले’ म्हणतात. तेव्हा प्रश्न ताकदीचा नसून तापण्याचा होता.

या दृष्टीने पर्याय तपासले. ग्रीव्हज कंपनीचे एका सिलिंडरचे डिझेल इंजिन, जे मालवाहू तीनचाक्यांना लागत असे, ते बैलासारखे दणकट. पण जड, आणि त्याच्या हादऱ्यांनी बादलचे काचतंतूंचे अंग चार महिन्यांत तडकले असते. मारुतीचे इंजिन तर गाडीएवढेच दिसले असते. बजाजच्या रिक्षाचे दोनशे सीसीच्या जवळपासचे फोर-स्ट्रोक सर्वांत योग्य होते: माप जुळते, सुटे भाग शहाद्याच्या कोपऱ्यावर मिळतात, तेल वेगळे असते म्हणून धूर नाही. दाजींचे मन तिथे बसले होते. आड आला तो कायदा. गाडीच्या नोंदणीपुस्तकात इंजिनाचा क्रमांक असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे पुस्तकातल्या नोंदीशी विसंगत असा बदल परस्पर करता येत नाही. दुसरीकडे २०२१ साली सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी ठरवली आहे, तिची अट गाडी मूळ स्वरूपात असण्याची. आमची बादल पन्नाशीला किंचित कमी, आणि नियमाचे शब्द दुचाकी व चारचाकी असे. तीन चाकांच्या गाडीने कोठे जावे? त्रिशंकूची कथा मुलांना शिकवायला मला एक नवे उदाहरण मिळाले.

शेवटी नानांना विचारले. ते ओसरीवर बसून आमचा वाद चार दिवस ऐकत होते. मला वाटले होते, ते जुन्या आवाजाबद्दल, आठवणींबद्दल काही बोलतील. ते म्हणाले, “रिक्षात बसून जायचे असते तर रिक्षाच केली असती.” बस्स. प्रश्न मिटला. मूळ इंजिनच उभे करायचे.

आता इंजिन उभे करणे म्हणजे काय ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण ‘ओव्हरहॉल केले’ या दोन शब्दांत किती दिवस मावतात हे लोकांना ठाऊक नसते. आधी धरलेला पिस्टन सोडवायचा. दाजींनी प्लगच्या भोकातून रॉकेल आणि तेल ओतून इंजिन आठ दिवस तसेच ठेवले. हातोड्याला हात लावू दिला नाही. नवव्या दिवशी लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके दिले तेव्हा पिस्टन कुरकुरत सुटला. सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचे खड्डे होते. तो धुळ्याला लेथवाल्याकडे नेऊन बोअर करून घेतला. बोअर वाढला म्हणजे पिस्टनही मोठा लागतो, आणि या इंजिनाचा पिस्टन आता कुठून आणायचा? दाजींनी जुन्या सुट्या भागांच्या बाजारात तीन वाऱ्या केल्या. पिस्टनची रुंदी, पिनेचे भोक, पिनेपासून डोक्यापर्यंतची उंची आणि रिंगांच्या खुंट्यांची जागा, इतकी मापे जुळावी लागतात. टू-स्ट्रोकमध्ये सिलिंडरच्या भिंतीला झरोके असतात, रिंगेचे टोक झरोक्यात अडकले की इंजिनाचा चुरा. तिसऱ्या वारीत जवळचा पिस्टन मिळाला. त्याचा खालचा घेर कानशीने थोडा कमी करून झरोक्यांशी जुळवला.

क्रँकची बेअरिंगे मात्र दहा मिनिटांत मिळाली. मला याचे फार आश्चर्य वाटले. दाजींनी जुन्या बेअरिंगवरचा आकडा पुसून वाचला आणि दुकानदाराला सांगितला, आणि त्याने खोका पुढे सरकवला. बेअरिंगांचे आकडे साऱ्या जगात एकच असतात. ६२०४ म्हटले की आतला व्यास २० मिलिमीटर, बाहेरचा ४७, रुंदी १४. मग ते स्वीडनमध्ये बनवा की पुण्यात. माणसांनी धर्म, भाषा आणि सीमा यांबाबत एकमत केले नाही, पण गोळ्यांच्या बेअरिंगबाबत केले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

खरी किंमत दोन छोट्या रबरी चकत्यांची, म्हणजे क्रँकच्या ऑइल सीलांची. फोर-स्ट्रोकमध्ये सील गेले तर तेल गळते, इतकेच. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवा आधी क्रँकच्या पेटीत ओढली जाते, पिस्टन खाली येताना तिथेच दाबली जाते, आणि मग झरोक्यातून वर जाते. पेटी हाच पंप. सील फाटले की पंप बाहेरची हवा ओढतो, मिश्रणात पेट्रोल आणि तेल कमी पडते, इंजिन तापते, आणि घाटाच्या चौथ्या वळणावर जाम होते. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांची जी बदनामी झाली, तिचा अर्धा वाटा मी या दोन आण्यांच्या चकत्यांच्या माथी मारीन.

मग धुराच्या झरोक्यातला कार्बन लाकडी पट्टीने खरवडला. पॉइंटांची फट सुटीने मोजून लावली. फ्लायव्हीलवरच्या पंख्याचे पत्र्याचे आवरण गंजून भोके पडलेले होते. दाजींनी ते नवे ठोकून घेतले, कारण थंड हवा सिलिंडरकडे वळवणारे तेच. पेट्रोलच्या पंचवीस मापांना तेलाचे एक माप. इंजिन तिसऱ्या किकेला लागले. सारे आळीतले लोक धुरात उभे राहून खोकत हसत होते. नाना ओसरीवरून उठले नाहीत, फक्त मान तिरपी करून ऐकत राहिले आणि म्हणाले, “जरा घाईत आहे.” दाजींनी स्क्रू पाव फेरा फिरवला.

पहिले पाचशे किलोमीटर सपाटीवर हळू चालवून रिंगा बसवल्या. मग थंडीत, पहाटे, तिघे निघालो. दाजी चालवायला, शेजारी नाना, मागे मी आणि पाण्याचे डबे, यद्यपि या इंजिनाला पाणी लागत नाही. घाटात दाजी खालच्या गिअरमध्येच राहिले. वरचा गिअर टाकून इंजिनाला रेटण्याचा मोह होतो, पण तो टाळायचा. पंखा इंजिनाबरोबर फिरतो, इंजिन मोकळे फिरले की हवाही भरपूर मिळते. दर चार-पाच वळणांनी गाडी कडेला घेऊन, इंजिन चालू ठेवून, ते मिनिटभर सिलिंडरवर हात धरीत. सातपायरीच्या वळणांवर खाली सारी दरी उघडली आणि धुके वर येऊ लागले. पायी चढणारी माणसे आमच्या बरोबरीने चालत होती, आणि त्यांतल्या एका म्हाताऱ्याने आम्हांला मागे टाकले. नानांनी त्याला राम राम केला.

उतरताना अधिक जपावे लागते, हे दाजींनी मला वरच सांगून ठेवले. टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलबरोबर मिळते. उतारावर पाय उचलला की पेट्रोल बंद, म्हणजे तेलही बंद, आणि इंजिन मात्र चाकांच्या रेट्याने फिरतच असते, कोरडे. म्हणून मधून मधून पाय दाबून त्याला घोट द्यायचा. स्वीडनच्या साब कंपनीने आपल्या टू-स्ट्रोक मोटारींना यासाठी उतारावर चाके इंजिनापासून सोडवणारी खास व्यवस्था ठेवली होती.

यशवंत तलावाकाठी गाडी थांबवली तेव्हा ऊन चांगले वर आले होते. शाळेतली पोरे धावत आली. दाजींनी इंजिन बंद केले, रुमाल हातात गुंडाळून प्लग काढला आणि नानांपुढे धरला. प्लगचे टोक पांढरे पडले असेल तर मिश्रण कोरडे, काळे पडले असेल तर पेट्रोल जास्त; भाजलेल्या शेंगदाण्याचा रंग आला म्हणजे बरोबर. नानांनी चष्मा पुसला, प्लग उन्हात फिरवून पाहिला.

“काळपट आहे,” ते म्हणाले. “इथली हवा पातळ. जेट एक आकडा खालचा घाल.”

दाजींनी खिशातून वही काढली आणि आकडा लिहून घेतला.